‘नेहमीचेच अज्ञात इसम’ : मोनिचेल्लीच्या चित्रपटातील विडंबन



मागील पाठात आपण गुन्हेपटाची सर्वसाधारण रचना पाहिली: गुन्हा, तपास, पाठलाग, निकाल. या पाठात त्याच रचनेची चेष्टा करणारा एक इटालियन चित्रपट आपण पाहणार आहोत. मारिओ मोनिचेल्ली दिग्दर्शित ‘ई सोलिती इन्योती’ हा चित्रपट 1958 साली प्रदर्शित झाला. इंग्रजीत तो ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’ या नावाने ओळखला जातो. शक्य असेल तर आधी चित्रपट पाहा आणि मग हे टिपण वाचा. पुढे कथानक शेवटपर्यंत सांगितलेले आहे.

सुरुवात शीर्षकापासून करू, कारण इंग्रजी शीर्षकात मूळचा अर्थ पूर्ण हरवला आहे. ‘ई सोलिती इन्योती’ म्हणजे ‘नेहमीचेच अज्ञात’. चोरीच्या बातमीत इटालियन वृत्तपत्रे हा शब्दप्रयोग करतात. मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. ‘अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल’, ‘अज्ञात चोरट्यांनी कुलूप तोडून’ अशा ओळी आपण रोज वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. त्या ‘अज्ञात’ शब्दामागे कोणी एक माणूस असतो, तो सकाळी काय खाऊन निघाला होता, त्याचे तान्हे मूल त्या रात्री कोणाजवळ होते, हे प्रश्न बातमीत येत नाहीत. पोलिसी कथेतही सहसा येत नाहीत. मोनिचेल्लीचा चित्रपट जवळजवळ याच प्रश्नांवर उभा आहे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या चित्रपटाबद्दल एक वाक्य हमखास सापडते: ‘हा चित्रपट म्हणजे रिफिफी या फ्रेंच चित्रपटाचे विडंबन होय.’ वाक्य चुकीचे नाही, पण तिथेच थांबले तर फसवे आहे. ‘रिफिफी’ची टिंगल करून मोनिचेल्लीला काहीच मिळवायचे नव्हते. त्याचा रोख वेगळ्या गोष्टीवर आहे, आणि ती कोणती हे पाहण्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

‘पिवळी’ कथा आणि दरोडापट

इटलीत रहस्यकथेला ‘जालो’ म्हणतात. जालो म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने 1929 पासून रहस्यकथांची जी माला काढली तिची मुखपृष्ठे पिवळी होती, आणि मुखपृष्ठाचा रंग हेच त्या साहित्यप्रकाराचे नाव होऊन बसले. सांगायचा मुद्दा असा, की इटालियन प्रेक्षकाला गुन्ह्याची कथा नवी नव्हती. तिचे नियम त्याला पाठ होते. विडंबनाला हीच पूर्वअट असते. आपल्याकडे केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या, ‘झेंडूची फुले’ (1925) या संग्रहाचा आनंद ज्याला रविकिरण मंडळाच्या कवितेची लकब माहीत आहे त्यालाच पुरेपूर मिळतो. मूळ चालच माहीत नसेल तर बदललेले शब्द नुसतेच विक्षिप्त वाटतात.

1950 च्या दशकात गुन्हेपटाची एक शाखा जोरात होती. तिला आपण दरोडापट म्हणू. जॉन ह्यूस्टनचा ‘द अस्फाल्ट जंगल’ (1950) आणि ज्यूल्स दासँचा ‘रिफिफी’ (1955) ही तिची ठळक उदाहरणे. अमेरिकेतील काळ्या यादीमुळे दासँला हॉलिवूड सोडावे लागले होते. ‘रिफिफी’ त्याने फ्रान्समध्ये केला आणि कान महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. या चित्रपटातील दरोड्याचा प्रसंग सुमारे अर्ध्या तासाचा आहे. त्यात एकही संवाद नाही, संगीत नाही. चार माणसे वरच्या मजल्यावरून छताला भोक पाडतात, त्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पडणारा चुना छत्रीत साचतो आणि आवाज होत नाही. छत्रीची ही युक्ती पाहताना आपण विसरतो की हे चोर आहेत. आपण कारागिरांचे काम पाहत असतो. एखादा सुतार सांधा जुळवतो किंवा शस्त्रवैद्य टाका घालतो, तसे.

दरोडापटाची मोहिनी येथे आहे. समाजाने झिडकारलेला माणूस त्यात आपल्या कामात अव्वल असतो. शेवटी तो मरतो किंवा पकडला जातो. कायद्याची बूज राखली जाते. पण तोपर्यंत त्याच्या कौशल्याला आपण मनातून दाद देऊन चुकलेलो असतो.

मोनिचेल्ली आणि त्याचे सहलेखक (आजे आणि स्कार्पेल्ली ही जोडी, तसेच सुझो चेक्की द’आमिको) यांनी या रचनेतून एकच गोष्ट काढून घेतली: कौशल्य. बाकी सारे जागच्या जागी ठेवले. योजना आहे, टोळी आहे, तिजोरी आहे, जुना जाणता गुरू आहे, टेहळणी आहे, भिंत फोडणे आहे. छायाचित्रणही गंभीर गुन्हेपटासारखेच आहे. जान्नी दी वेनान्झो या छायाचित्रकाराने विनोदी चित्रपटाचा नेहमीचा लख्ख उजेड टाळून ओलसर, करडे रोम दाखवले. (याच माणसाने पुढे आंतोनिओनीचा ‘ला नोत्ते’ आणि फेल्लिनीचा ‘साडेआठ’ चित्रित केला.) पिएरो उमिलियानीचे संगीत जॅझचे आहे. कान सांगतात की आता हॅट घातलेला एखादा थंड डोक्याचा गुन्हेगार येणार. पडद्यावर येतो तो बोळके तोंड असलेला, सतत काहीतरी खात असलेला म्हातारा कापान्नेल्ले.

टोळी

कथानक थोडक्यात असे. कोझिमो नावाचा चोर गाडी चोरण्याच्या प्रयत्नात पकडला जातो. तुरुंगात त्याला एका गहाणवटीच्या पेढीची खबर मिळते: शेजारच्या घराची भिंत इतकी पातळ आहे की ती फोडली की थेट तिजोरीपाशी पोचता येते. बाहेर पडण्यासाठी त्याला एक ‘मेंढरू’ हवे आहे, म्हणजे पैसे घेऊन त्याचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेणारा, पूर्वी शिक्षा न झालेला माणूस. कापान्नेल्ले असा माणूस शोधत वस्तीत फिरतो. एकाला विचारतो, तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे. हा शोध चालू असतानाच टोळीतील एकेकाची ओळख होते. अखेर पेप्पे हा भुक्कड मुष्टियोद्धा तयार होतो. पण न्यायाधीशाचा त्याच्या कबुलीवर विश्वास बसत नाही. कोझिमो आतच राहतो आणि वर पेप्पेही आत जातो. मोठी शिक्षा झाल्याचे सोंग करून पेप्पे कोझिमोकडून सगळी योजना काढून घेतो, आणि मग शांतपणे सांगतो की आपली शिक्षा स्थगित झाली आहे.

टोळीतील माणसांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. एकच माणूस नीट पाहा: मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने केलेला तिबेरिओ. हा छायाचित्रकार आहे, पण त्याच्याकडे कॅमेरा नाही. त्याची बायको सिगारेटच्या चोरट्या विक्रीसाठी तुरुंगात आहे, त्यामुळे तान्हे मूल याच्या कडेवर. टेहळणीसाठी कॅमेरा हवा म्हणून तो पोर्ता पोर्तेझेच्या बाजारात जातो. हाताला खोटे प्लास्टर घालतो आणि त्याच्या आडून कॅमेरा लांबवतो. पुढे त्याच दुकानदाराच्या तावडीत सापडून त्याचा हात खरोखरच मोडतो, आणि दरोड्याच्या रात्री तो खऱ्या प्लास्टरमधला हात घेऊन येतो. त्याआधी मूल कोठे ठेवायचे हा प्रश्न असतोच. तो तुरुंगात जाऊन मूल बायकोच्या स्वाधीन करतो. दरोडा घालायला निघालेल्या माणसाला मूल सांभाळायला तुरुंगच सर्वांत भरवशाची जागा वाटते. हा विनोद कोणी तोंडाने सांगत नाही, तो परिस्थितीतच आहे.

आता ‘रिफिफी’ पुन्हा आठवा. त्यातही एक लहान मूल आहे. त्याचे अपहरण होते आणि शेवटी जखमी नायक त्याला गाडीतून घरी आणतो. तेथे मूल शोकांतिकेला उंची देते. येथे मुलाला दूध लागते, त्याचे लंगोट बदलावे लागतात. विडंबन म्हणजे नुसते उलटे करणे असते, तर मोनिचेल्लीने मूल गाळले असते. त्याने ते ठेवले आणि त्याला खऱ्या मुलासारखे वागू दिले. मला वाटते, या चित्रपटातील सगळ्यात मोठी चाल हीच आहे.

गच्चीवरची शिकवणी

दरोडापटात गुरू लागतो. तो येथे दान्ते क्रुच्यानी आहे, आणि ती भूमिका तोतोने केली आहे. तोतो हा त्या काळी इटलीचा सर्वांत लाडका विनोदी नट. दान्ते निवृत्त तिजोरीफोड्या असून पोलिसांच्या नजरेखाली आहे, म्हणून तो स्वतः भाग घेत नाही. तो सल्ला देतो आणि हत्यारे भाड्याने देतो. घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध, तिजोरी कशी फोडावी यावर तो प्राध्यापकी थाटात व्याख्यान देतो. कोणत्याही विद्यापीठात शिकलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. शिकवणारा विषयात बुडालेला, आणि समोरच्यांना परीक्षेला काय येणार एवढेच हवे.

तिबेरिओने समोरच्या खिडकीतून तिजोरीचे चलच्चित्रण केलेले असते. ते सर्वांना दाखवले जाते. तिजोरीचा क्रमांक जुळवला जात असताना, नेमक्या मोक्याच्या क्षणी, दोरीवरचे कपडे आड येतात. दान्ते त्या फितीबद्दल नाराजी व्यक्त करतो, पण ती चोराची नाराजी नसते, चित्रपट समीक्षकाची असते. गुन्हेपटातील कॅमेरा सर्व काही पाहतो, योग्य वेळी, योग्य कोनातून. गरीब वस्तीतील कॅमेऱ्यापुढे मात्र कोणाची तरी चड्डी वाळत असते.

भिंत

दरोड्याची रात्र मी सविस्तर सांगणार नाही. पाण्याचा नळ फुटतो, वेळ जातो, आणि अखेर भिंतीला भगदाड पडते. पलीकडे पेढी नसते, त्याच घराचे स्वयंपाकघर असते. घरातील सामान हलवलेले असल्यामुळे त्यांनी चुकीची भिंत फोडलेली असते. दरोडापटाच्या नियमाप्रमाणे येथे पोलिसांची शिट्टी वाजायला हवी किंवा टोळीत हाणामारी व्हायला हवी. तसे काही होत नाही. कोणीतरी भांड्याचे झाकण उघडतो. आत छोले घालून शिजवलेला पास्ता असतो. ते बसतात आणि जेवतात.

इटालो काल्व्हिनोच्या मिठाईच्या दुकानातील चोरीच्या एका कथेत या प्रसंगाचे बीज आहे, असे अभ्यासक सांगतात. तेथेही चोर चोरी विसरून खाऊ लागतात. पण काल्व्हिनोच्या कथेत खाणे ही झिंग आहे, येथे मात्र ती पंगत आहे. चव कशी आहे यावर मते दिली जातात. सबंध चित्रपटात ही माणसे इतकी निवांत दुसरीकडे कोठे बसलेली नाहीत. प्रेक्षक हसतो, पण हसण्याचे कारण बदललेले असते. आतापर्यंत आपण त्यांच्या चुकांना हसत होतो. आता लक्षात येते की ज्या गोष्टीसाठी ते निघाले होते, त्याचा थोडा अंश त्यांना मिळाला आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की चोरांनी भिंत फोडली आणि पास्ता खाऊन पळाले. बातमीत हा केवळ विक्षिप्तपणा ठरतो, आणि शीर्षकातील ‘अज्ञात’ पुन्हा अज्ञात होतात.

कोझिमोचा मृत्यू

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आक्षेप असा: हा चित्रपट गरिबांना हसतो. दहा वर्षांपूर्वी, 1948 मध्ये, दे सिकाच्या ‘सायकल चोर’ने गरिबीपुढे प्रेक्षकाला गप्प केले होते. मोनिचेल्ली त्याच रोममध्ये तीच माणसे घेऊन हशा पिकवतो. ही घसरण नव्हे का?

उत्तर कोझिमोच्या वाट्याला आलेल्या दोन दृश्यांत आहे. तुरुंगातून सुटल्यावर तो टोळीत जाण्यास नकार देतो आणि एकटाच पेढीवर दरोडा घालायला जातो. खिडकीतून पिस्तूल रोखतो. पलीकडचा कारकून ते पिस्तूल हातात घेतो, उलटसुलट पाहतो आणि त्याची किंमत सांगू लागतो. त्याच्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी गहाण टाकायला आलेला असतो, हाही तसाच. गुन्हेपटात पिस्तूल ही सत्ता असते, येथे ती जुनी वस्तू ठरते. चित्रपटातील हा सर्वांत मोठा हशा. त्यानंतर थोड्याच वेळात कोझिमो रस्त्यात एका बाईची पर्स ओढायला जातो आणि ट्रामखाली सापडून मरतो.

विनोदी चित्रपटात माणूस पडतो, आपटतो, झाडून उठतो. कोझिमो उठत नाही. त्याच्या मृत्यूची पूर्वसूचना नाही, त्याला करुण संगीताची झालर नाही. हसलेल्या प्रेक्षकाचे हसू ओठांवर असतानाच हे घडते. चुकीची किंमत येथे खरी मोजावी लागते, हे एकदा कळल्यावर पुढचा दरोडा आपण पूर्वीसारखा निर्धास्तपणे पाहू शकत नाही. इटालियन विनोदपटात मृत्यूला अशी जागा मिळणे ही नवी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी ‘ला ग्रांदे ग्वेर्रा’ (1959) मध्ये मोनिचेल्लीने हाच मार्ग पहिल्या महायुद्धापर्यंत नेला. या साऱ्या परंपरेला नंतर ‘कॉमेदिया आल्लितालियाना’ हे नाव पडले. ते पिएत्रो जेर्मीच्या 1961 च्या चित्रपटाच्या शीर्षकावरून आले. तिचा आरंभ बहुतेक अभ्यासक आपल्या या चित्रपटापासून धरतात.

म्हणून माझे मत असे, की चित्रपट गरिबांना हसत नाही. गरिबाने कुशल गुन्हेगार असावे, म्हणजे आपल्याला त्याचे कौतुक करता येईल, ही जी प्रेक्षकाची अपेक्षा आहे, तिला तो हसतो. ‘रिफिफी’तला चोर आदरणीय ठरतो तो त्याच्या हातातील कसबामुळे. मोनिचेल्ली विचारतो, कसब नसलेल्याचे काय?

तरीही चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. स्त्रियांच्या भूमिकांत लेखकांची कल्पनाशक्ती आखडलेली आहे. क्लाउदिया कार्दिनालेची कार्मेलिना बहुतेक वेळ घरात कोंडलेली असते, आणि तिला कोंडणारा सिसिलियन भाऊ फेर्रीबोत्ते हा उत्तरेकडील प्रेक्षकाच्या डोक्यातील दक्षिणी माणसाचा साचा आहे. गंमत अशी की ही भूमिका करणारा तिबेरिओ मूर्जा सिसिलीचा नव्हेच, सार्डिनियाचा होता. तो रोममधील एका उपाहारगृहात काम करत असताना सापडला आणि त्याचा आवाज दुसऱ्याने दिला. म्हणजे ‘अस्सल’ सिसिलियन हा दोन माणसे जोडून बनवलेला. पेप्पे आणि मोलकरीण निकोलेत्ता यांचे प्रेमप्रकरणही जरा लांबते. घराच्या किल्ल्या मिळवण्यासाठी तो तिच्यामागे लागतो आणि खरोखरच गुंततो. व्हित्तोरिओ गासमान तोवर रंगभूमीवरील भारदस्त नट म्हणून ओळखला जात असे. येथे त्याने कपाळ लहान केले, नाक बदलले, जीभ अडखळती केली. केवळ त्याच्यामुळे हा भाग सोसवतो.

पोलीस कोठे आहेत?

पोलिसी प्रकाराचे विडंबन म्हणवणाऱ्या चित्रपटात पोलीस जवळजवळ नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. मोनिचेल्लीने स्तेनोबरोबर 1951 मध्ये ‘ग्वार्दिए ए लाद्री’ केला होता. त्यात लठ्ठ हवालदार आणि फाटका चोर यांची शर्यत लागते आणि दोघेही सारखेच दमतात. 1958 मध्ये हवालदाराचीही गरज उरली नाही. या टोळीला पकडायला पोलीस लागत नाहीत. मूल, भूक, मोडलेला हात आणि चुकीची भिंत पुरते.

शेवटी पहाटे पेप्पे आणि कापान्नेल्ले रस्त्याने चालले आहेत. पोलीस दिसतात, म्हणून दोघे एका बांधकामाच्या फाटकाशी जमलेल्या मजुरांच्या गर्दीत घुसतात. फाटक उघडते, गर्दी आत रेटली जाते आणि तिच्याबरोबर पेप्पेही. कापान्नेल्ले बाहेरून घाबऱ्या आवाजात ओरडतो की अरे, हे लोक तुला कामाला लावतील! गुन्हेपटाच्या शेवटी नायक तुरुंगाच्या फाटकातून आत जातो. येथे फाटक तेच, गर्दी तीच, फक्त आत इमारत उभी राहते आहे. 1958 हे इटलीच्या ‘आर्थिक चमत्कारा’च्या आरंभाचे वर्ष, रोमभोवती नव्या वस्त्या उठत होत्या. पेप्पेला शिक्षा झाली की त्याची सुटका झाली, हे चित्रपट सांगत नाही.

चित्रपटाला ऑस्करसाठी परभाषिक विभागात नामांकन मिळाले, इटलीत पुढचे भाग निघाले, लुई मालने ‘क्रॅकर्स’ (1984) या नावाने अमेरिकेत पुन्हा केला, 2002 मध्ये ‘वेलकम टू कॉलिनवुड’ आला. पुनर्निर्मिती पाहिल्या नाहीत तरी चालेल.

स्वाध्याय

‘रिफिफी’तील दरोड्याचा प्रसंग आणि या चित्रपटातील भिंत फोडण्याचा प्रसंग एकाच दिवशी, एकापाठोपाठ पाहा. दुसऱ्या प्रसंगात माणसे हातातील कामाखेरीज आणखी कशाकशाबद्दल बोलतात त्याची वहीत नोंद करा. मग पहिल्या प्रसंगातील शांतता कशामुळे शक्य झाली, याचे उत्तर लिहा. छत्री हे उत्तर चालणार नाही.